लेझरने इंटरनेट पाठवतात, पण त्याचा नेम कोण धरून ठेवतो?

आफ्रिकेत काँगो नावाची प्रचंड नदी आहे, जगातली सर्वांत खोल नदी. तिच्या एका काठावर ब्राझाव्हिल आणि समोरच्या काठावर किन्शासा. दोन्ही राजधान्या, पण दोन वेगवेगळ्या देशांच्या. एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या इमारती दिसतात, मधे पूल मात्र नाही. पाणी खोल, प्रवाह जोराचा. त्यामुळे इंटरनेटची फायबर केबल एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायची तर ४०० किलोमीटरहून जास्त वळसा पडत होता. या वळशाचे पैसे शेवटी भरणार कोण? किन्शासातला सामान्य माणूसच. तिथले इंटरनेट कितीतरी महाग पडत होते.

२०२१ मध्ये या दोन काठांवर उंच जागी एकेक पेटी बसवली गेली. आकार साधारण चौकातल्या सिग्नलच्या दिव्याएवढा. एका पेटीतून डोळ्यांना न दिसणारा लेझरचा झोत निघतो आणि ४.८ किलोमीटर दूरच्या दुसऱ्या पेटीत शिरतो. तिकडूनही तसाच झोत इकडे येतो. पाण्यात केबल नाही, जमिनीत चर नाही. गूगलच्या मूळ कंपनीच्या ‘तारा’ या प्रकल्पाने आफ्रिकेतल्या लिक्विड कंपनीबरोबर हे काम केले. २० दिवसांत या झोतावरून जवळजवळ ७०० टेराबाइट माहिती गेली. दोन जीबीचा एक सिनेमा धरला तर साडेतीन लाख सिनेमे! आणि त्या दिवसांत हा संपर्क ९९.९ टक्के वेळ चालू राहिला. म्हणजे २० दिवसांत मिळून अर्धा तास बंद.

बातमी वाचताना आपण ‘लेझर’ या शब्दाशी थांबतो. आम्हा शिक्षकांना मात्र पुढचा प्रश्न पडतो. झोत सोडणे सोपे आहे. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारे खेळण्यातले लेझरही झोत सोडते. तो झोत पाच किलोमीटर दूरच्या एका छोट्या काचेवर रात्रंदिवस, वाऱ्यात, उन्हात टिकवून कसा ठेवतात? खरे कसब तिथे आहे, आणि त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आज ती सांगू या.

काचेच्या तारेशिवायचे फायबर

आधी मूळ कल्पना. फायबर केबलमध्ये काचेची केसासारखी बारीक तार असते आणि तिच्यातून प्रकाश लुकलुकत जातो. लुकलुकणे म्हणजे एक आणि शून्य. या लुकलुकण्यातच आपला फोटो, व्हिडिओ, ऑनलाइन फॉर्म असे सगळे असते. आता ती काच काढून टाका आणि तोच प्रकाश मोकळ्या हवेतून पाठवा. झाले मुक्त अवकाशातले लेझर संदेशवहन.

कल्पना नवी नाही. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये सूर्याच्या प्रकाशावरून माणसाचा आवाज २१३ मीटर दूर पाठवला होता. त्या यंत्राचे नाव फोटोफोन. बोलणाऱ्याच्या आवाजाने पातळ आरसा थरथरायचा, त्यामुळे पलीकडे पडणारा प्रकाश कमीजास्त व्हायचा आणि सेलेनियम धातूसारख्या पदार्थाच्या मदतीने त्याचा पुन्हा आवाज व्हायचा. ढग आला की बोलणे बंद! तेव्हा लेझरही नव्हते, फायबरही नव्हते.

प्रकाशच का, रेडिओ लहरी का नाहीत? दोन कारणे आहेत. पहिले, प्रकाशाची लहर सेकंदाला इतक्या प्रचंड वेळा कंप पावते की तिच्यावर माहिती खूप जास्त लादता येते. दुसरे म्हणजे रेडिओचा झोत पसरतो आणि लेझरचा फार कमी पसरतो. पसरला नाही की बहुतेक सगळा प्रकाश समोरच्याच पेटीत जातो, वाया जात नाही, शेजारच्याला त्रास नाही, मधेच चोरून ऐकणेही अवघड. ताराच्या पेट्या २० गिगाबिटपर्यंतचा वेग देतात तो यामुळेच.

पण जी खुबी, तीच अडचण. झोत बारीक आहे म्हणून जोरदार आहे, आणि बारीक आहे म्हणूनच तो सहज चुकतो.

किब्ल्याची दिशा आणि लेझरचा नेम

कोन आणि अंतर यांचे नाते आपल्या घरात सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीवरून समजते. मुंबईहून मक्का साधारण साडेतीन हजार किलोमीटर. मुसल्ला अंथरताना दिशेत फक्त एका अंशाचा फरक पडला, तर ती रेषा मक्केजवळ पोहोचेपर्यंत जवळजवळ ६० किलोमीटर बाजूला गेलेली असते. नमाजात याची अडचण नाही. दूर राहणाऱ्याला दिशा पुरेशी आहे, नेमका काबाच समोर यावा अशी अट नाही, असे हनफी फिकह सांगते. अल्लाहने बंद्यांवर तेवढा भार टाकलेला नाही.

लेझरला मात्र ही सवलत नाही. काँगो नदीवर एका अंशाची चूक झाली तर झोत समोरच्या पेटीपासून ८४ मीटर दूर पडेल, म्हणजे दुसऱ्याच इमारतीवर. ताराच्या इंजिनिअरांनी आपल्या कामाची कल्पना अशी दिली आहे, की खायच्या चॉपस्टिकएवढ्या जाडीचा किरण १० किलोमीटर दूरच्या ५ सेंटीमीटरच्या लक्ष्यावर बसवायचा. गणित केले तर एका अंशाचे साडेतीन हजार भाग करा, त्यातला एक भाग. तेवढीच चूक माफ.

इथे एक नाव घ्यायलाच हवे. इब्न अल-हैसम. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत काम केलेला हा विद्वान. प्रकाश सरळ रेषेत जातो हे त्यांनी नुसते सांगितले नाही, प्रयोगाने दाखवले. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी दिवे ठेवायचे. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला की त्याच्याच रेषेतला ठिपका विझतो, बाकीचे तसेच राहतात. ‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा ग्रंथ पुढे युरोपात लॅटिनमधून शतकानुशतके वाचला गेला. आणि याच माणसाने किब्ल्याची दिशा गणिताने कशी काढावी यावरही लिहिले आहे. दिशा अचूक काढणे आणि प्रकाशाची रेषा समजून घेणे, दोन्ही कामे एकाच टेबलावर झाली होती. २०१५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा युनेस्कोने त्यांची आठवण जगभर जागवली.

टॉवर उभा दिसतो, पण स्थिर नसतो

कुणी म्हणेल, एकदा नेम धरून पेटी नटबोल्टने घट्ट आवळून टाकली की झाले! नाही होत. कारण ज्या टॉवरवर पेटी आहे तो टॉवर हलतो.

वाऱ्याने हलतो हे कळते. उन्हाने हलतो हे पटकन कळत नाही. गणित करून बघू. एक मीटर लोखंड एक अंश सेल्सिअसने तापले की साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढते. ३० मीटर उंच टॉवर आहे. सकाळी त्याची पूर्वेची बाजू पश्चिमेच्या बाजूपेक्षा १० अंश जास्त तापली. मग ती बाजू ३.६ मिलिमीटरने लांब झाली. टॉवरची रुंदी दीड मीटर धरा. एक बाजू लांब, दुसरी आखूड, म्हणून टॉवर किंचित वाकतो. टोकाचा कल होतो ३.६ भागिले १५००. हा कल एका अंशाच्या सातव्या हिश्श्याइतका, डोळ्यांना काहीच दिसणार नाही. पण ४.८ किलोमीटरवर झोत साडेअकरा मीटर सरकलेला असेल! सकाळी पूर्वेची बाजू तापते, दुपारनंतर पश्चिमेची. म्हणजे रोज झोत इकडून तिकडे फिरणार, कुणी हात न लावता.

यात भर म्हणून जवळून जाणारे ट्रक, जनरेटरची थरथर, टॉवरवर चढलेला माणूस, आमच्याकडे असता तर माकडही. म्हणून पेटीला स्वतःचा नेम स्वतःच, न थांबता, दुरुस्त करत राहावे लागते. याच कामाला झोताचा मागोवा म्हणतात. त्याचे दोन भाग आहेत: आधी समोरच्याला शोधणे, मग धरून ठेवणे.

शोधणे: चाँद बघण्यासारखे

रमजानचा किंवा ईदचा चाँद दुर्बिणीतून शोधला असेल त्यांना हा भाग लगेच कळेल. दुर्बीण जितकी जास्त ताकदीची, तितका तिच्यात आकाशाचा तुकडा छोटा दिसतो. थेट मोठी दुर्बीण लावली तर चाँद सापडतच नाही. म्हणून जाणती माणसे आधी सूर्य कुठे मावळला ते बघतात, तिथून अंदाजाने जागा ठरवतात, मग साध्या डोळ्याने किंवा छोट्या दुर्बिणीने तो भाग पिंजून काढतात, आणि सापडला की मोठी दुर्बीण त्यावर आणतात.

लेझरची पेटी नेमके हेच करते. आधी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि उंची घालून साधारण दिशा ठरते. पेटीतला भाग आडवा आणि उभा अशा दोन अक्षांवर फिरू शकणाऱ्या बैठकीवर असतो, तिला गिम्बल म्हणतात. ती त्या दिशेला वळते. मग रुंद दृष्टीच्या कॅमेऱ्याने समोरच्याचा खुणेचा प्रकाश शोधायचा. या खुणेच्या प्रकाशाला बीकन म्हणतात, समुद्रातल्या दीपस्तंभासारखा. अनेक यंत्रांत बीकन मुद्दाम थोडा पसरट ठेवतात, म्हणजे सापडायला सोपा जातो. तरीही दिसला नाही तर झोत मधल्या बिंदूपासून गोल गोल, जिलेबीसारखा बाहेर फिरवत नेतात. कुठेतरी समोरच्याच्या कॅमेऱ्यात क्षणभर चमक पडते. तो लगेच त्या दिशेला आपला नेम वळवतो, त्याचा प्रकाश इकडे येतो, मग इकडचा नेम सुधारतो. अशा दोन-चार देवाणघेवाणींत दोघे एकमेकांना सापडतात.

धरून ठेवणे: चार फाकांची गोळी आणि कवडसा

सापडल्यावरचे काम जास्त नाजूक. इथे एक साधी पण हुशार वस्तू असते. प्रकाश मोजणारी छोटी गोल चकती, तिच्या भाकरीसारख्या चार फाका केलेल्या. येणाऱ्या झोताचा ठिपका बरोबर मधे असेल तर चारही फाकांवर सारखा प्रकाश पडतो. ठिपका डावीकडे सरकला की डाव्या फाकांवर जास्त, उजव्यांवर कमी. वर सरकला तर वरच्यांवर जास्त.

समजा डावीकडे ६० आणि उजवीकडे ४० इतका प्रकाश आहे. फरक २०, बेरीज १००. फरक भागिले बेरीज म्हणजे ०.२. हा आकडा सांगतो की ठिपका किती आणि कुठे सरकलाय. आता हवेत धुरकट आले आणि प्रकाश निम्मा झाला. डावीकडे ३०, उजवीकडे २०. फरक १०, बेरीज ५०, उत्तर पुन्हा ०.२. बेरजेने का भागायचे ते इथे कळते. प्रकाश मंदावला म्हणून यंत्राची फसगत होत नाही. आठवीतल्या मुलाला समजेल एवढे हे गणित आहे.

आता हा आकडा शून्यावर आणायचा. त्यासाठी झोताच्या वाटेत एक छोटा आरसा असतो, तो खूप झपाट्याने पण अगदी थोडा कलू शकतो. आकडा सांगतो डावीकडे सरकलाय, आरसा उलट बाजूला कलतो. पुन्हा मोजायचे, पुन्हा कलायचे. सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा. टॉवरची थरथर त्या मानाने सावकाश असते, म्हणून आरसा तिला गाठू शकतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी आरशाने भिंतीवर कवडसा पाडलेला आहे. आठवा, हात जरासा हलला की कवडसा भिंतीभर पळतो. कारण आरसा एक अंश कलला की परावर्तित किरण दोन अंश वळतो. तेव्हाची गंमत इथे कामाला लावलेली आहे. फरक इतकाच की आपला कवडसा पळवायचा होता, यांचा जागेवर ठेवायचा आहे.

मग मोठी फिरती बैठक कशाला आणि छोटा आरसा कशाला? आपलीच मान आणि डोळे बघा. समोरून कुणी चालत गेले तर मान वळते, पण पुस्तकातल्या ओळीवर नजर फिरते ती डोळ्यांच्या बारीक हालचालीने. बैठक म्हणजे मान. ती खूप वळू शकते पण सावकाश. आरसा म्हणजे डोळा. तो थोडाच हलतो पण चपळ. आरसा आपल्या मर्यादेच्या कडेला पोहोचायला लागला की बैठक हळूच वळून त्याला पुन्हा मधे आणून सोडते. दिवसभर उन्हाने वाकणारा टॉवर बैठक सांभाळते, वाऱ्याची थरथर आरसा सांभाळतो.

आणखी एक प्रयोग घरी करून बघा. पुस्तक स्थिर ठेवून डोके डावीउजवीकडे जोरात हलवा, तरी अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच जोरात हलवा, वाचता येत नाही. असे का? डोके हलले की कानाच्या आतल्या इंद्रियाला ते लगेच कळते आणि डोळे चूक होण्याआधीच उलटे फिरतात. अनेक लेझर यंत्रांतही असेच हालचाल ओळखणारे सेन्सर बसवतात. समोरून पक्षी गेला, प्रकाश क्षणभर तुटला, तरी आपण स्वतः किती हललो हे यंत्राला माहीत असते. ते तेवढ्या अंदाजावर नेम धरून ठेवते आणि पक्षी पुढे गेला की काम चालू.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट ही, की येणारा आणि जाणारा झोत शक्यतो एकाच काचेतून, एकाच आरशावरून नेतात. येणारा ठिपका मधे आणला की जाणारा झोत आपोआप समोरच्याच्या दिशेने जातो. तुमच्याकडून येणारी वाट मला सापडली, तर माझी वाट तुमच्याकडेच जाणार.

नेमाने काय सुटत नाही

हे सगळे वाचून वाटेल की मग केबल हव्यात कशाला. तसे नाही.

हवा स्वतःच एक अडथळा आहे. गरम रस्त्यावर दूरचे दृश्य थरथरताना दिसते ना? तापलेल्या आणि थंड हवेचे लहानमोठे कप्पे भिंगासारखे वागतात. तारे लुकलुकतात ते यामुळेच. लेझरचा ठिपकाही असाच डोलतो आणि लुकलुकतो. डोलणे आरसा सावरतो. लुकलुकणे मात्र नेम धरून थांबत नाही, त्यासाठी प्रकाश कमीजास्त करणे आणि माहिती थोडी जादा भरून पाठवणे असे दुसरे उपाय करतात.

धुके ही खरी भिंत. धुक्याचे थेंब इतके बारीक असतात आणि संख्येने इतके जास्त, की प्रकाश त्यांच्यात विखरून जातो. नेम कितीही अचूक असो, प्रकाश पोहोचलाच नाही तर काय करणार! म्हणून जिथे धुके जास्त तिथे हे तंत्र एकटे चालत नाही, सोबत रेडिओ किंवा केबलचा पर्याय ठेवावा लागतो.

आपल्या कोकणाचे उदाहरण घ्या. खाडीपलीकडचे गाव समोर दिसते, आवाज दिला तर ऐकू जाईल असे वाटते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. अशा ठिकाणी खाडीवरून लेझरची उडी उपयोगी पडू शकते. पण आंबोली किंवा महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरतात. तिथे जून ते सप्टेंबर फक्त लेझरवर विसंबून चालणार नाही. कोणते तंत्र कुठे, हे ठरवायलाच तर अभ्यास लागतो.

सुरक्षिततेचा प्रश्नही लोक विचारतात. दूरच्या संदेशवहनासाठी बऱ्याचदा १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वापरतात. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, आतल्या नाजूक पडद्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. त्याची ताकदही मर्यादेत ठेवतात.

अंतराळात नेम धरायचा तर

जमिनीवर दोन्ही पेट्या निदान आपापल्या जागी असतात. अंतराळात दोन्ही पळतात.

नोव्हेंबर २००१ मध्ये युरोपच्या आर्टेमिस आणि फ्रान्सच्या स्पॉट-४ या दोन उपग्रहांनी पहिल्यांदा लेझरने एकमेकांशी संपर्क साधून माहिती पाठवली, सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने. दोघांमधले अंतर ३० हजार किलोमीटरच्या पुढचे. इतके अंतर जायला प्रकाशालाही सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात स्पॉट-४ सारखा उपग्रह पाऊण किलोमीटर पुढे निघून जातो. म्हणजे तो दिसतोय तिथे झोत सोडला तर झोत पोहोचेपर्यंत तिथे कुणीच नसणार. धावत्या खेळाडूकडे चेंडू फेकताना आपण तो पोहोचेल त्या जागी फेकतो, तसा इथे झोत थोडा पुढे सोडावा लागतो. येणाऱ्या झोताच्या रेषेतच जाणारा झोत सोडायचा, हा वर सांगितलेला सुंदर नियम इथे मोडावा लागतो. तो किती मोडायचा हे कक्षेच्या गणिताने ठरते.

आणि आता मांजराची गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या नासाने सायकी नावाचे यान एका लघुग्रहाकडे पाठवले. त्यावर २२ सेंटीमीटरची छोटी दुर्बीण असलेले लेझर यंत्र होते. ११ डिसेंबर २०२३ रोजी त्याने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून १५ सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. टेटर्स नावाचे एक केशरी मांजर लेझरच्या लाल ठिपक्यामागे धावतेय, एवढाच तो व्हिडिओ. वेग सेकंदाला २६७ मेगाबिट, पोहोचायला लागले १०१ सेकंद. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या पाच मीटरच्या दुर्बिणीने तो टिपला. तिथून नासाच्या प्रयोगशाळेत तो नेहमीच्या इंटरनेटने पाठवला, तर ते इंटरनेट अंतराळातल्या लेझरपेक्षा सावकाश निघाले!

यात नेम कसा धरला? पृथ्वीवरच्या टेबल माउंटन या डोंगरावरून यानाकडे एक ताकदवान बीकन सोडला गेला. यानातल्या यंत्राने तो शोधला, धरला आणि त्याच्या आधाराने आपला झोत पृथ्वीकडे वळवला. यानाची थरथर यंत्रापर्यंत पोहोचू नये म्हणून ते वेगळ्या तरंगत्या आधारावर ठेवले होते. आकडे बघा. तेवढ्या अंतरावरून आलेला तो झोत पृथ्वीपाशी जेमतेम दोनशे किलोमीटरच्या आसपास रुंद होतो. त्या १०१ सेकंदांत पृथ्वी सूर्याभोवती सुमारे तीन हजार किलोमीटर पुढे सरकते. आत्ता दिसणाऱ्या पृथ्वीवर नेम धरला असता तर मांजर पोकळीत गेले असते. डिसेंबर २०२४ पर्यंत याच यंत्राने ४९ कोटी किलोमीटरहून जास्त अंतरावरून संपर्क करून दाखवला.

आपल्याकडे काय चालू आहे

इस्रोने मार्च २०२१ मध्ये अहमदाबादच्या आपल्या केंद्रात दोन इमारतींमध्ये ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून क्वांटम संदेशवहन करून दाखवले. यात प्रकाशाच्या एकेका कणावर गुप्त किल्ली पाठवतात. तिथेही दोन्ही टोकांना नेम जुळवायला गिम्बलची बैठक होती. आंध्र प्रदेशातल्या सरकारी फायबर कंपनीने २०१७ मध्ये गूगलच्या याच गटाबरोबर राज्यात दोन हजार लेझर दुवे बसवण्याचा करार जाहीर केला होता. तारा प्रकल्पाचे प्रमुख महेश कृष्णस्वामी हे मूळ चेन्नईचे. पुढे मार्च २०२५ मध्ये तारा स्वतंत्र कंपनी झाली.

हा विषय आपल्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण आहे. आज शिष्यवृत्तीचा फॉर्म ऑनलाइन, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, हजचा अर्ज ऑनलाइन. गावात नेट नसले की पोर तालुक्याला जाते, दिवस बुडतो, कधी मुदतच बुडते. शेवटच्या तारखेला साइट उघडत नाही म्हणून हक्काची शिष्यवृत्ती हातची गेली, असे मुलांचे चेहरे आम्ही दरवर्षी बघतो. केबल कुठे पोहोचते आणि कुठे थांबते, यावर कुणाच्या तरी शिक्षणाचे वर्ष अवलंबून असते. किन्शासाचा वळसा म्हणूनच आम्हाला परका वाटत नाही.

दुसरे कारण, आपल्या मुलामुलींना विज्ञान घ्यायचे म्हटले की घरात दोनच नावे निघतात, डॉक्टर किंवा इंजिनिअर. इंजिनिअर म्हणजे नेमके काय, ते कुणी सांगत नाही. या एका पेटीत बघा. भिंगे आणि आरसे म्हणजे भौतिकशास्त्र. चार फाकांची चकती म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. आरसा किती आणि किती पटकन कलवायचा, हा कंट्रोल इंजिनिअरिंगचा विषय. बैठक बनवणे मेकॅनिकलचे काम, कक्षेचे गणित गणितवाल्याचे. आणि टॉवरवर चढून ती पेटी बसवणारा, पहिला नेम जुळवणारा आयटीआय झालेला तरुणही यात तितकाच लागतो. यातला एकही विषय असा नाही जो आपल्या शाळेत, उर्दू माध्यमात असो की मराठी, शिकवला जात नाही. त्याची सुरुवात आठवी-नववीच्या प्रकाशाच्या धड्यातच आहे.

शिक्षक बंधू-भगिनींना शेवटी एक सुचवतो. प्रकाशाचे परावर्तन शिकवताना एका मुलाला उन्हात छोटा आरसा द्या आणि २० मीटर दूरच्या सावलीतल्या भिंतीवर खडूने हातभर रुंदीचा चौकोन काढा. कवडसा त्या चौकोनात एक मिनिट ठेवायला सांगा. भिंतीजवळच्या दुसऱ्या मुलाने ‘डावीकडे’, ‘वर’ असे ओरडून सांगायचे. आरसा एका अंशाने कलला की कवडसा सत्तर सेंटीमीटर पळतो, हे मुले स्वतः मोजतील. मग तीन मिनिटांनी पुन्हा बघा, आरसा विटेवर टेकवून ठेवला असला तरी कवडसा सरकलेला असेल, कारण सूर्य सरकला. खेळण्यातले लेझर या प्रयोगात वापरू नका आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर पाडू देऊ नका. ओरडणारा मुलगा म्हणजे ती चार फाकांची चकती आणि आरसा धरणारा हात म्हणजे तो चपळ आरसा, एवढे सांगितले की धडा पुरा झाला.